सत्तावीस नंबरची मान

लिबोना केवड्याच्या पानांच्या चटया विणायची. एनेबोक बेटावरच्या सगळ्याच बायका विणतात, पण लिबोनाच्या चटईची कड चाचपली की आंधळ्यालाही कळावं, ही हिचीच. पान उन्हात वाळवून, शिंपल्याच्या घोट्याने घोटघोटून ती इतकं मऊ करायची की तान्ह्या पोराच्या गालाखाली घातलं तरी वळ उठू नये. तिच्या बोटांना डोळे आहेत असं लोक म्हणत. आणि खरंच, जे कुणाला दिसलं नव्हतं ते तिच्या बोटांनी पाहिलं.

रविवार होता. चर्च सुटलं होतं. लिबोना दारातल्या नीरफणसाच्या सावलीत नेइमातच्या केसांना खोबरेल चोळत बसली होती. नेइमात तिच्या मावशीची मुलगी. आमच्याकडे मावशीलाही आईच म्हणतात आणि मावशीची लेक ती सख्खी बहीण. दोघींचं परसदार एक, चूल एक. नेइमात दोन वर्षांनी धाकटी, पण चर्चमधल्या गाण्याचा पहिला सूर तिचा. ती उचलेपर्यंत बाकीचं गाव तोंड मिटून बसायचं.

तेल कानामागून मानेवर आलं, मानेवरून पुढे गळ्याशी, आणि उजव्या अंगाला कातडीखाली काहीतरी सरकलं. कवडीएवढं. घट्ट.

लिबोनाचा हात तिथेच राहिला.

"हे काय गं?"

"मान आहे. तुला नाही का?"

"मस्करी नको, नेइमात. कधीपासून आहे हे?"

"झाले सात-आठ महिने." नेइमातने तिचा हात बाजूला केला. "उगाच तोंड पाडू नकोस, ताई. मला नाही व्हायचं ते. माझा दोरा निळा आहे."

त्या दोऱ्याची गोष्ट सांगायला एकोणीस वर्षं मागे जावं लागेल.

त्या दिवशी उजाडायच्या आधीच पश्चिमेकडून उजाडलं. मग आवाज आला, आणि दुपारी आभाळातून भुकटी पडायला लागली. गोऱ्यांनी लांबच्या बेटावर अणुबॉम्ब उडवून बघितला होता, हे आम्हाला खूप नंतर कळलं. लिबोना तेव्हा वीस वर्षांची. तिने अंगणात चटईवर आरारूटचं पीठ वाळत घातलं होतं. भुकटी पांढरी, पीठही पांढरं. पांढऱ्यावर पांढरं पडत राहिलं आणि तिला वाटलं, ढगाचंच काहीतरी असेल, उडून जाईल. संध्याकाळी तिने ते सगळं गोळा केलं, नारळाच्या दुधात शिजवलं आणि आईला, नवऱ्याला, शेजाऱ्यांना वाढलं. स्वतः शेवटी खाल्लं. रात्रीत गाव ओकायला लागलं. तिसऱ्या दिवशी एक जहाज आलं आणि अंगावरच्या कपड्यांनिशी सगळ्यांना उचलून दूरच्या तळावर घेऊन गेलं. तिथे तिचे केस झडले. विंचरताना नाही, नुसता हात फिरवला तरी मुठीत यायचे. त्यानंतर तिला दोन मुलं झाली. एकही रडलं नाही. त्याबद्दल ती कधी बोलली नाही, आणि आम्हीही विचारलं नाही.

नेइमात त्या दिवशी एनेबोकला नव्हती. नवऱ्याबरोबर उलांडीच्या होडीतून दक्षिणेच्या बेटावर सासूला आणायला गेली होती.

तीन वर्षांनी गोऱ्यांनी सांगितलं, जमीन आता स्वच्छ आहे, घरी जा. सगळे परतले. नेइमातही आली. तेव्हापासून दरवर्षी जहाज यायचं. बेटाभोवतीच्या प्रवाळाच्या कठड्याच्या आतल्या शांत पाण्यात नांगर टाकायचं, किनाऱ्यावर तंबू लागायचे आणि प्रत्येकाच्या गळ्यात दोऱ्याला बांधलेला नंबर अडकवला जायचा. भुकटीखाली सापडलेल्यांचा दोरा लाल. त्या दिवशी गावाबाहेर असलेल्यांचा निळा. लिबोना लाल सत्तावीस. नेइमात निळा अकरा. लाल दोऱ्याच्या माणसाचं डोळ्यापासून नखापर्यंत सगळं तपासायचे. निळ्याचं वजन करायचे, रक्त घ्यायचे, जा म्हणायचे. लिबोनाला त्यात एक समाधान होतं. नेइमात आजारी नाही, तरी तिचीही विचारपूस करतात. माणसं चांगली आहेत, असं तिला वाटायचं.

पुढे लाल दोऱ्यातल्या काहींच्या गळ्याला गाठी आल्या. त्यांना अमेरिकेच्या दवाखान्यात नेऊन, कापून परत आणलं. मग सगळ्या लाल दोऱ्यांना गोळी सुरू झाली. रोज सकाळी एक, जन्मभर. गळ्यात गाठ धरू नये म्हणून.

आता आमच्याकडची रीत अशी की दुसऱ्यासमोर एकट्याने खायचं नाही. रस्त्याने जाणाऱ्यालाही हाक मारून "ये, जेव" म्हणायचं, घरात एकच मासा असला तरी. एकटा खाणारा माणूस म्हणजे गावाच्या दृष्टीने मेलेलाच. पहिल्या दिवशी लिबोनाने गोळी तळहातावर घेतली, तेव्हा नेइमात चुलीपाशी समोरच बसली होती. लिबोनाने गोळी दातांनी मधोमध तोडली आणि अर्धी तिच्या हातावर ठेवली. दुसऱ्या दिवशीही. सात वर्षं, एक सकाळ न चुकता. यात काही वावगं आहे हे तिच्या मनाला शिवलंही नाही. गोळी लपून खाल्ली असती तर तिला लाज वाटली असती.

म्हणून त्या रविवारी गाठ हाताला लागली तेव्हा ती इतकी हादरली. अर्धी गोळी रोज पोटात जाऊनही गाठ आली कशी? आणि तीही निळ्या दोऱ्याला?

"दहा दिवसांत जहाज येतंय," ती म्हणाली. "डॉक्टरला दाखवायचं."

"नाही दाखवणार. गळा कापतात ते. लाजोरच्या बहिणीचं काय झालं बघितलंस ना? कोंबडीसारखी बोलते. मी गायचं कशाने? पायाने?"

"जगलीस तर गाशील."

"आणि गाणं गेलं तर जगून काय करू? तुझ्या चटया मोजू?"

तेलाची वाटी उचलून लिबोना आत गेली, आणि दहा दिवस रोज पहाटे कठड्यापर्यंत जाऊन समुद्राकडे बघून येऊ लागली.

जहाज आलं. तंबू लागले. दुभाष्याचं काम एनोसकडे होतं. एनोस लिबोनाचा धाकटा दीर. पूर्वी शाळेत शिकवायचा. वर्षभर माणसासारखा वागायचा, पण जहाज आलं की पांढरा सदरा घालून नंबर पुकारायला लागायचा.

"सत्तावीस!"

"भाऊजी," लिबोना रांगेतून म्हणाली, "काल माझ्या हातचा खेकडा ओरपताना तर 'वहिनी, वहिनी' चाललं होतं. एका रात्रीत सत्तावीस झाले होय मी?"

रांग हसली. मागून एक म्हातारी हातातली बाटली वर धरून ओरडली, "अरे एनोस, एवढं आमचं मूत घेऊन जातात, तिकडचा समुद्र आटला की काय विचार त्यांना!"

एनोसने ते काही इंग्रजीत सांगितलं नाही.

तंबूत उंच डॉक्टर बसला होता. बारा वर्षं तोच यायचा. केस पिकले होते, आवाज मऊ होता, पोरांना गोळ्या-चॉकलेट वाटायचा. आज मात्र त्याने लिबोनाकडे न बघता समोरच्या कागदावर बोट आपटलं आणि बरंच काही बोलला. एनोसचा चेहरा उतरला.

"वहिनी, तो म्हणतोय, तू गोळी फेकून देतेस. गेल्या वर्षीच्या रक्तात गोळी पुरेशी सापडली नाही."

लिबोनाला एवढा मोठा अपमान आयुष्यात कुणी केला नव्हता. "मी? मी फेकून देते? सांगा त्याला, सात वर्षांत एक दिवस चुकलेला नाही."

"तो विचारतोय, अख्खी खाल्लीस?"

"माझ्या वाट्याची खाल्ली."

"वाट्याची म्हणजे?"

"म्हणजे काय म्हणजे? अर्धी माझी, अर्धी नेइमातची. भाऊजी, तुम्ही आमच्या चुलीपाशी जेवता ना? मी बहिणीसमोर बसून एकटी खाईन का?"

एनोसने ते इंग्रजीत सांगितलं. डॉक्टरने चष्मा काढला, पुन्हा घातला. शेजारच्या पेटीतून निळे कागद काढले, एकामागून एक उलटले आणि अकरा नंबरवर हात ठेवून बसला. मग तो जे बोलला ते एनोसने लगेच सांगितलंच नाही.

"बोला ना, भाऊजी. शिव्या दिल्यात का?"

"शिव्या नाहीत." एनोस जमिनीकडे बघत होता. "तो म्हणतो, तू दोन्ही याद्या नासवल्यास."

"कसल्या याद्या?"

"लाल आणि निळी. वहिनी... लाल माणसांना काय होतं ते बघायचं. आणि निळ्यांना ते होत नाही, हेही बघायचं. शेजारी शेजारी ठेवून. नाहीतर लालचं दुखणं भुकटीचं की असंच म्हातारपणाचं, ते त्यांना कळणार कसं? निळ्यांना औषध द्यायचंच नाही. त्यांना नुसतं बघायचं."

"नुसतं बघायचं?"

"हो."

"सोळा वर्षं ती रक्त देते, ते कशासाठी?"

"बघायला."

लिबोना उभी होती ती खाली वाळूवर बसली. तिला आठवलं, परतल्यावर पहिल्याच वर्षी नेइमातला भुकटी जास्त पडलेल्या उत्तरेच्या बेटावरचा नारळ खाणारा खेकडा हवा होता आणि हिने तो लाडाने पकडून आणला होता. सोळा वर्षं त्याच मातीतलं आरारूट, त्याच मातीतला केवडा, त्याच विहिरीचं पाणी. भुकटी अंगावर पडली नव्हती एवढंच. पोटात तर रोज जात होती, हिच्याच हाताने. आणि हे जाणते लोक दरवर्षी जहाज घेऊन येत होते, आणि नेइमातला निळ्या रांगेत उभी करत होते.

ती उठली. तंबूबाहेर गेली. निळ्या रांगेतून नेइमातला दंडाला धरून ओढत आत आणलं आणि डॉक्टरसमोर तिच्या गळ्यावरचा रुमाल काढला.

"आता बघ म्हणावं. याच्यासाठीच येतोस ना? बघ!"

नेइमात ओरडत होती, "सोड, ताई! लाज आण जरा, सगळं गाव बघतंय!"

डॉक्टरने हात पुढे केले. दोन्ही अंगठे गळ्याच्या दोन बाजूंना ठेवले. तो बराच वेळ चाचपत राहिला, आणि त्याच्या तोंडावरचा राग हळूहळू उतरून गेला. त्या जागी जे आलं ते लिबोनाला ओळखीचं वाटलं. एकोणीस वर्षांपूर्वी स्वतःचे केस मुठीत बघताना तिच्या आईचा चेहरा असाच झाला होता.

"तो म्हणतो, आहे," एनोस म्हणाला. "म्हणतो, हे लवकर काढायला हवं."

"मग नेऊ दे. जहाज इथंच आहे."

एनोसने विचारलं. उत्तर लांबलं. डॉक्टर कागद दाखवत होता, हात पसरत होता.

"दवाखान्यात सहा खाटा मंजूर आहेत. सहाही लाल. निळ्याला न्यायचं तर वर लिहावं लागतं. तो लिहील. उत्तर पुढच्या जहाजाबरोबर येईल."

"पुढच्या वर्षी?"

"हो. आणि वहिनी, त्या सहांत तू आहेस. तुझं रक्त बिघडलंय म्हणून."

त्या संध्याकाळी दोघी चुलीपाशी बसल्या. मासा भाजला, कुणी खाल्ला नाही. लिबोनाने गळ्यातला लाल दोरा काढून नेइमातच्या मांडीवर ठेवला.

नेइमात दोऱ्याकडे बघत राहिली. "वेडी आहेस? तो ओळखेल."

"बारा वर्षं माझे फोटो काढतोय. समोरून काढले, बाजूने काढले, पाठमोरे काढले. गेल्या वर्षी किनाऱ्यावर भेटला तर मला लाजोरची बहीण समजून बोलत होता."

"आणि माझं गाणं?"

"गेलं तर मी म्हणेन."

"तू? तू सूर लावलास तर कठड्याच्या आतले मासे बाहेर पळतील." ती हसली आणि हसता हसता रडायला लागली. "मला भीती वाटते, ताई."

"मलापण वाटते. नंबर पुकारला की नुसती मान हलव. बोलू नकोस."

सकाळी किनाऱ्यावर मचवा लागला. एनोसच्या हातात यादी होती. त्याने डोकं वर केलं, लाल दोरा घातलेल्या नेइमातकडे बघितलं, मागे निळा दोरा घालून उभ्या असलेल्या लिबोनाकडे बघितलं. हे काम गेलं असतं तर त्याला दुसरं नव्हतं.

"सत्तावीस," तो पुकारला. आवाज चिरकला.

नेइमातने मान हलवली. उंच डॉक्टर मचव्यात बसला होता. त्याने दोरा बघितला. मग तिचा गळा बघितला, काल ज्याच्यावर अंगठे टेकवले होते तो. कागदावर खूण केली आणि तिला चढायला हात दिला. त्याने ओळखलं की नाही, यावर एनेबोकला अजून वाद होतो. तो डॉक्टर परत कधी आला नाही.

पाच महिन्यांनी नेइमात खोबरं नेणाऱ्या गलबतातून परत आली. गळ्यावर या कानाखालून त्या कानाखालपर्यंत बारीक रेघ. तोंडातून शब्द निघाला तो वाळूवरून होडी ओढल्यासारखा. पुढच्या रविवारी चर्चमध्ये सगळे गप्प बसून राहिले तेव्हा लिबोना उठली आणि तिने सूर लावला. तो इतका भलतीकडे गेला की पाद्रीबुवांनीच आधी तोंडाला हात लावला, मग पोरं फिसकन हसली, आणि शेवटी नेइमात, आवाज न करता, खांदे गदगदा हलवत हसली. त्या दिवशी गाणं झालं नाही.

दवाखान्याने नेइमातला बजावलं होतं, गळ्यातली ग्रंथी काढून घेतलीय, आता ही गोळी नसेल तर शरीर चालणार नाही. गोळी सत्तावीस नंबरला एकच यायची. लिबोनाने ती तोडली नाही. आयुष्यात पहिल्यांदा ती दुसऱ्याच्या तोंडात घास जाताना बघत, स्वतः हात पुढे न करता बसली. "तू?" म्हणून नेइमातने विचारलं, तर म्हणाली, "मला भूक नाही." सहा वर्षं हेच उत्तर.

दोरे बदलता येत नव्हते. दरवर्षी नवे डॉक्टर सत्तावीसची मान बघत, रेघ बघत, मान डोलावत. लिबोना निळ्या रांगेत वजन करून, रक्त देऊन घरी येत होती.

सातव्या वर्षी तेल नेइमात लावत होती. बोटं गळ्याशी आली आणि थांबली. लिबोनाला कळलं.

"आहे ना?"

"आहे."

"किती?"

"माझ्याएवढी." आणि मग तिच्या त्या फाटक्या आवाजात, "तू माझी गोळी खायला हवी होतीस, मेले. अर्धी तरी."

त्या वर्षी जहाजावर एक तरुण डॉक्टरीणबाई आली होती. तिने निळा अकरा नंबरचा कागद उघडला, लिबोनाने गळ्याकडे बोट दाखवलं, तशी डॉक्टरीण कागदावर बोट ठेवून काहीतरी बोलली. एनोसचे केस आता पिकले होते, पण सदरा पांढराच होता.

"वहिनी, ती म्हणते..." तो थांबला.

"सांगा, भाऊजी. मला काय नवीन आहे?"

"ती म्हणते, कागदावर लिहिलंय, ही बाई त्या दिवशी भुकटीखाली नव्हती. तिला सांगितलंय, निळ्यांचं फक्त वजन आणि रक्त."

भुकटीखाली नव्हती! लिबोनाचं तोंड उघडं राहिलं. अंगणातली चटई, पांढऱ्यावर पांढरं पीठ, नारळाच्या दुधात ढवळलेली पळी, आईच्या पानावर वाढलेला पहिला घास. मुठीतले केस. ती दोन मुलं. हे सगळं कुणाला झालं होतं मग? तिने डॉक्टरणीकडे बघितलं, एनोसकडे बघितलं. सात वर्षांपूर्वी ती चिडली होती. आज नुसती उभी राहिली, कुणी पायाखालून बेटच काढून घ्यावं तशी.

तेवढ्यात लाल रांग मोडून नेइमात आली. तिने गळ्यातला दोरा काढून मेजावर टाकला, रुमाल सोडला आणि मान वर केली.

"एनोस, हिला सांग. ही रेघ हिची आहे." तिने लिबोनाकडे हात केला. "खाट हिची होती, गोळी हिची होती. मी खाल्ली. सत्तावीस ही आहे, मी अकरा. सगळं सांग. आणि तू नंबर कसा पुकारलास तेही सांग."

"माझं काम जाईल, नेइमात."

"माझं गाणं गेलं. सांग."

एनोसने पांढऱ्या सदऱ्याचं वरचं बटण सोडलं आणि बोलायला लागला. खूप वेळ बोलला. एवढं इंग्रजी तो सलग कधी बोलला नव्हता. डॉक्टरीणबाई ऐकत होती. हातातली लेखणी कागदावर टेकलेली, तिथे शाईचा ठिपका पसरत होता. ती एकदा लाल कागद बघायची, एकदा निळा, एकदा या मानेकडे, एकदा त्या. शेवटी तिने दोन्ही कागद बाजूला सारले, उठून मेजाच्या अलीकडे आली आणि लिबोनाच्या गळ्यावर हात ठेवले. हात गार होते. बोटं कडेकडेने सरकत गेली आणि बरोबर त्या जागी थांबली. चटई विणणाऱ्या बाईला दुसऱ्याची बोटं कळतात. या बोटांना डोळे होते.

त्या वर्षी यादीत पाच नावं छापलेली होती. सहावं हाताने लिहिलेलं होतं, नंबराशिवाय. अक्षरं एनोसने एकेक करून सांगितली.

मचवा सुटला तेव्हा लिबोना मागच्या फळीवर उभी राहून किनाऱ्याकडे ओरडली, "नेइमात! गोळी अख्खी खा! कुणी समोर बसलं तरी अर्धी देऊ नकोस!"

किनाऱ्यावरून तो फाटका आवाज पाण्यावरून आला, "मी काय तू आहे?"